तण कोणी काढलं?

एका हेक्टरात ३० सेंटिमीटर अंतरावर गाजराच्या ओळी पेरल्या, तर सगळ्या ओळींची मिळून लांबी ३३ किलोमीटरांच्या वर जाते. तणनाशक मारायचं नाही असं ठरलं की या ३३ किलोमीटरांत रोपाला खेटून उगवलेलं तण हातानेच काढावं लागतं. दोन ओळींमधली जागा कोळप्याने साफ होते. पण ओळीच्या आत, गाजरापासून बोटभर अंतरावर जे उगवतं तिथे कोळपं घालता येत नाही. सरावलेला माणूस मिनिटाला ३ मीटर पुढे सरकला, तरी एका खुरपणीला १८५ तास लागतात. आणि एका खुरपणीवर गाजराचं पीक निघत नाही.

हा हिशोब वेळेवर झालेल्या कामाचा आहे. वेळ चुकली तर तो पार बदलतो. गाजराचं बी सावकाश उगवतं, हवामानाप्रमाणे १० ते २० दिवस घेतं, आणि तण त्याच्या आधी वर येतं. तणाचं मूळ पांढऱ्या दोऱ्याएवढं असतं तोवर नुसती वरची माती हलवली तरी ते उन्हाने मरतं. म्हणून जाणती माणसं गाजर वर येण्याच्या आदल्या दिवशी वाफ्यावरून गॅसची ज्योत फिरवतात. तणाची पानं भाजतात आणि गाजर अजून मातीखाली सुखरूप असतं. तो आदला दिवस ओळखायचा कसा? वाफ्याच्या एका टोकाला काचेचा तुकडा ठेवतात. काचेखालची माती जास्त तापते, तिथलं गाजर थोडं लवकर उगवतं. ते दिसलं की बाकी वाफ्यावरून ज्योत फिरवायची. पाऊस लागून राहिला, वापसा आला नाही, आठवडा हातचा गेला, तर तणाची मुळं धरतात. मग मिनिटाला १ मीटरही मुश्किलीने होतं, १८५ तासांचे ५५५ होतात, आणि तण उपटताना शेजारचं कोवळं गाजरही हातात येतं.

शाश्वत, स्थानिक अन्न या विषयावरची चित्रं, छायाचित्रं आणि मांडणशिल्पं आज सगळीकडे प्रदर्शनांत दिसतात. सार्वजनिक पैशातून त्यांना अनुदानं मिळतात, महापालिकेच्या इमारतींच्या भिंती त्यांच्यासाठी दिल्या जातात. त्यांत माती दिसते, बी दिसतं, मातीने माखलेले तळहात अगदी जवळून दिसतात. हे १८५ तास मात्र क्वचितच दिसतात. आमचं म्हणणं असं, की अन्नामागच्या श्रमावर काम करतो म्हणणाऱ्या कलेने वेळ आणि मोबदला या दोन गोष्टी कलाकृतीच्या आत आणल्या पाहिजेत. त्या बाहेर ठेवल्या, तर ते चित्र कितीही कळवळ्याने काढलेलं असो, ते मालाच्या जाहिरातीचं काम करतं.

काम अवघड आहे, कारण बघणाऱ्याचा वेळ फार थोडा असतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्रेक्षकांचं निरीक्षण करून २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका कलाकृतीसमोर माणूस सरासरी २७ सेकंद थांबतो असं दिसलं. गाजराच्या ओळीत २७ सेकंदांत सव्वा मीटरच्या जरा पुढे खुरपणी होते. प्रेक्षक सव्वा मीटर बघून पुढे जाणार, आणि कलावंताला त्याला ३३ किलोमीटर दाखवायचे आहेत. या क्षेत्रातला कलेचा खरा प्रश्न हा आहे, आणि तो सुटण्यासारखा आहे. त्याकडे वळण्याआधी श्रमाविषयी थोडं सांगायला हवं, कारण ‘शाश्वत’ आणि ‘स्थानिक’ हे दोन्ही शब्द श्रम झाकायला फार सोयीचे आहेत.

रसायन काढून घेतलं की त्याचं काम कोणाच्या तरी अंगावर येतं. हे वाईट आहे असं नाही. मातीसाठी, पाण्यासाठी, मजुराच्या फुप्फुसासाठी ते चांगलंच आहे. पण त्याची नोंद हवी. कॅलिफोर्नियात शेतमजुरांना आखूड दांड्याची कुदळ वापरायला लावायची पद्धत होती. मजूर त्या कुदळीला स्पॅनिशमध्ये ‘एल कोर्तितो’ म्हणत, म्हणजे ‘आखूडली’. ती हातात असली की माणसाला कमरेत वाकूनच चालावं लागतं, आणि कोण कंबर सरळ करून उभा राहिला ते मुकादमाला लांबून दिसतं. पाठीचे कायमचे विकार झालेल्या मजुरांनी लढा दिला आणि १९७५ साली त्या अवजारावर बंदी आली. पुढे अवजाराऐवजी नुसत्या हाताने, तसंच वाकून, तण काढून घेणं चालू राहिलं. २००४ साली राज्याने हाताने तण काढण्यावरही निर्बंध घातले, आणि त्यातून नोंदणीकृत सेंद्रिय शेतीला वगळलं. सेंद्रिय उत्पादकांचं म्हणणं होतं की आमच्याकडे तणनाशकाचा पर्याय नाही. ते खरंही होतं. परिणाम असा झाला, की ज्या शेतमालावर ‘निसर्गाला धक्का न लावता पिकवलेला’ असं लिहिलेलं असतं, त्याच्याच शेतात वाकून तण काढायला कायद्याने मोकळीक राहिली. शाश्वत अन्नावर चित्र काढणाऱ्या प्रत्येकाने एवढा एक तपशील तरी समोर ठेवून बसावं.

दुसरा तपशील खताच्या ढिगाचा. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमावलीत ओळीने रचलेल्या ढिगाचं कंपोस्ट कसं करायचं ते नेमकं दिलं आहे: तापमान ५५ ते ७७ अंश सेल्सिअस, ते १५ दिवस टिकलं पाहिजे, आणि त्या काळात ढीग किमान ५ वेळा पालथा केला पाहिजे. कारण उघड आहे. बाहेरचा थर थंड राहतो, त्यातले रोगजंतू आणि तणाचं बी मरत नाही, म्हणून बाहेरचं आत आणि आतलं बाहेर करावं लागतं. हाताने करायचं म्हटलं तर एक घनमीटर ओला ढीग साधारण ६०० किलोंचा असतो. कुजत कुजत तो शेवटच्या पालथणीपर्यंत निम्म्यावर येतो असं धरलं, तरी पाच वेळा मिळून सव्वादोन टन वजन दाताळ्यावर उचललं जातं. एका दाताळ्यात ५ किलो आले तर साडेचारशे वेळा. आणि उरलेलं अर्धा घनमीटर खत ५० चौरस मीटर वाफ्यावर १ सेंटिमीटर जाडीचा थर द्यायला जेमतेम पुरतं. नियमावलीत ढीग किती वेळा पालथा करायचा ते आहे, पालथा करणाऱ्याच्या मजुरीविषयी अक्षर नाही. ती तिथे का नाही याची कायदेशीर कारणं असतील. पण कलेला असं काही बंधन नाही.

‘स्थानिक’ या शब्दाबद्दल थोडक्यात. तो अंतर सांगतो. अंतराचा पर्यावरणावरचा भार लोकांना वाटतो तेवढा नसतो. अमेरिकी घरांतल्या अन्नाच्या २००८ सालच्या एका अभ्यासात, एकूण हरितगृह वायूंपैकी सगळ्या वाहतुकीचा वाटा ११ टक्के आणि उत्पादकापासून दुकानापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा ४ टक्के निघाला. स्थानिक अन्नाच्या बाजूने बोलायला इतर भक्कम कारणं आहेत: ताजेपणा, वाणांची विविधता, पैसा जवळपास फिरणं, पिकवणारा ओळखीचा असणं. यातलं शेवटचं कारण सगळ्यात जास्त सांगितलं जातं, म्हणून ते तपासायला हवं. आपण ओळखतो तो बहुतेक वेळा शेतमालक, जो बाजारात टेबलामागे उभा असतो. पालेभाजीत शेताचा उष्मा शिरला तर ती लवकर कोमेजते, कारण तापमान १० अंशांनी वाढलं की तोडलेल्या पानाचं श्वसन दुपटी-तिपटीने वाढतं. म्हणून तोडणी उजाडायच्या सुमारास उरकावी लागते. ती तोडणी करणारा, माल गार पाण्यातून काढणारा, जुड्या बांधणारा माणूस त्या टेबलामागे नसतो. अनेकदा तो घरातलाच असतो, बहुधा बाई असते, आणि तिच्या तासांची मजुरी कोणत्याच वहीत चढत नाही.

आता कलेकडे. फ्रेंच चित्रकार मिलेचं १८५७ सालचं सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेल्या लोंब्या, वेचणाऱ्या तीन बायकांचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ते जेमतेम १११ बाय ८४ सेंटिमीटरचं आहे. त्यातल्या बायकांविषयी लिहिताना लोक ‘करुणा’ आणि ‘प्रतिष्ठा’ हे शब्द वापरतात. आम्हाला त्यात आधी हिशोब दिसतो. एक बाई वाकून शोधतेय, दुसरी उचलतेय, तिसरी अर्धवट सरळ होतेय. एकाच हालचालीच्या या तीन पायऱ्या तीन देहांवर वाटून दिल्या आहेत, म्हणून एकाच स्थिर चित्रात दिवसभराची पुनरावृत्ती येते. डोळा पहिलीवरून तिसरीवर जातो आणि पुन्हा पहिलीवर येतो. मागे लांब, उन्हात, धान्याच्या प्रचंड गंज्या आणि भरलेली गाडी आहे. उजवीकडे क्षितिजाजवळ घोड्यावर बसलेला मुकादम आहे, नखाएवढा. पुढे मूठभर लोंब्या, मागे गंज्या, मधे पहारा. कोणाच्या वाट्याला किती आलं हे त्या चित्रात मांडणीने सांगितलेलं आहे, आणि समीक्षकांना तेव्हा ते खुपलं. चित्र पुढे कॅलेंडरांवर आणि डब्यांवर गेलं तेव्हा तीन बायका राहिल्या. मागच्या गंज्या आणि घोडेस्वार छपाईत धूसर झाले किंवा कापले गेले. चित्राचा अर्थ त्या कापलेल्या भागात होता.

व्हॅन गॉगने १८८५ साली बटाटे खाणाऱ्या कुटुंबाचं चित्र काढलं तेव्हा भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने स्पष्ट केलं होतं, की ताटात जाणारे हेच हात जमीन खणणारे हात आहेत हे मला दाखवायचं आहे. त्यासाठी त्याने आधी शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांचे आणि हातांचे ढीगभर अभ्यास केले होते. आजच्या छायाचित्रांतले तळहात याच परंपरेतले म्हणवतात, पण एक मोठा फरक आहे. त्याच्या चित्रात हाताला माणूस जोडलेला आहे, माणसाला टेबल, टेबलावर दिवा, दिव्याखाली काय वाढलंय ते. मनगटापाशी कापलेल्या हाताला नाव विचारता येत नाही.

नावाचा प्रश्न सगळ्यात तीव्रतेने अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँगच्या छायाचित्राने उभा केला. मार्च १९३६, कॅलिफोर्नियात निपोमो इथला वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ, थंडीने पीक गेलेलं, आणि मुलांना बिलगून बसलेली आई. सरकारी खात्यासाठी काढलेलं ते छायाचित्र जगभर गेलं. त्या बाईचं नाव मात्र १९७८ पर्यंत जगाला ठाऊक नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन तिचं नाव. त्या छायाचित्राचा एक पैसाही आपल्याला मिळाला नाही, असं तिने तेव्हा सांगितलं. लँगने ते पैशासाठी काढलं नव्हतं, आणि छायाचित्र छापून आल्यावर त्या तळावर सरकारी धान्य पोचलं, हेही सांगायला हवं. तोवर ते कुटुंब पुढच्या कामाच्या शोधात निघून गेलेलं होतं.

याच्या उलट पद्धत लुइस हाइनची. तो १९०८ पासून अमेरिकेतल्या बालमजुरीविरोधी राष्ट्रीय समितीसाठी छायाचित्रं काढत होता: गिरण्या, खाणी, आणि शिंपले सोलण्याच्या शेडपासून बीटाच्या शेतापर्यंतची अन्नाची कामं. त्याच्या छायाचित्राखाली वय, कामाचे तास, दिवसाची कमाई, ठिकाण आणि तारीख असे. मालक विचारू देत नसे तेव्हा खिशातल्या वहीत न बघता टिपणं करायचा. मुलाची उंची स्वतःच्या जाकिटाच्या कितव्या बटणापर्यंत येते ते पाहून मापायचा, म्हणजे वय खोटं सांगितलं तरी अंदाज यायचा. त्या मथळ्यांमुळे त्याची छायाचित्रं कमी सुंदर झालेली नाहीत. उलट एका मुलीच्या हातातल्या टोपलीकडे बघताना दिवसाला अशा किती टोपल्या हे कळलं की टोपली जड दिसू लागते. चित्रकार सोमनाथ होर डिसेंबर १९४६ मध्ये बंगालमधल्या रंगपूर जिल्ह्यात तेभागा या शेतकरी आंदोलनाची रेखाटनं करत हिंडला, तेही वहीत रोजनिशी लिहीत. अर्धेलीने कसणाऱ्यांची मागणी पिकाच्या तीन वाट्यांपैकी दोन मिळावेत अशी होती, ‘तेभागा’ म्हणजे तीन भाग, आंदोलनाचं नावच मुळी एक अपूर्णांक आहे. अपूर्णांकावर चित्रं निघू शकतात याचा याहून चांगला दाखला आम्हाला ठाऊक नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो: कला म्हणजे हजेरीपट नव्हे, आकडे घातले की चित्र मरतं. आकडे नुसते चिकटवले तर मरतं, हे मान्य. प्रदर्शनाच्या भिंतीवर टक्केवारीचं मोठं वर्तुळ काढून बाजूला सुंदर छायाचित्रं लावणं हा आळस आहे. प्रेक्षक एक तर वर्तुळ बघतो, नाही तर छायाचित्र. आकडा कलाकृतीच्या रूपात उतरावा लागतो, मिलेने उतरवला तसा. पण हा आक्षेप घेणाऱ्यांनी एका गोष्टीचं उत्तर द्यावं. त्याच कलाकृतीखाली कागदाचा प्रकार, छपाईची पद्धत, आवृत्तीतली कितवी प्रत, कोणाच्या संग्रहातून, ही सगळी माहिती असते आणि तिने कोणाचाही रसभंग होत नाही. मग छायाचित्रातल्या माणसाची मजुरी नगावर होती की रोजावर, एवढ्यानेच का होतो?

अ‍ॅग्नेस डेनिस या कलावंताने १९८२ साली न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या टोकाला भराव टाकलेल्या २ एकर जागेवर गहू पिकवला. जमिनीच्या अफाट किमतीसमोर धान्य उभं करणं हा त्या कामाचा गाभा होता, आणि तो आजही तितकाच धारदार आहे. २०० ट्रक माती आणली, २८५ सऱ्या हाताने खोदल्या, दगड आणि कचरा वेचला, हाताने पेरलं, पाण्याची व्यवस्था केली, चार महिने निगा राखली, तण काढलं, काणी आणि भुरी या रोगांचा बंदोबस्त केला, आणि १६ ऑगस्टला कापणी करून १,००० पौंडांहून जास्त, म्हणजे साडेचारशे किलोंच्या वर गहू काढला. हे सगळं डेनिस यांनी स्वतः नोंदवून ठेवलं आहे, आणि त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. तरीही वारंवार छापलं जाणारं छायाचित्र कोणतं, तर पिवळ्याधमक गव्हात एकट्या उभ्या असलेल्या कलावंताचं, मागे उंच इमारती. २८५ सऱ्या मजकुरात राहिल्या. दोष डेनिस यांचा नाही, छापणाऱ्यांच्या निवडीचा आहे. पुढच्या पिढीने त्यातून शिकायचं ते एवढंच, की जे मजकुरात ठेवाल ते गळून पडतं. ते प्रतिमेतच असायला हवं.

अमेरिकी कलावंत मिर्ल लॅडरमन उकेलीस यांनी १९६९ साली देखभालीच्या कामालाच कला म्हणणारा जाहीरनामा लिहिला. क्रांती झाल्यावर सोमवारी सकाळी कचरा कोण उचलणार, हा त्यातला प्रश्न. १९७९-८० मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या साडेआठ हजार सफाई कामगारांशी एकेक करून हस्तांदोलन केलं आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले. अन्नाशी याचा थेट संबंध नाही, पण पद्धतीचा आहे. आकडा इथे कलाकृतीचा देह झाला. दहा कामगारांशी हात मिळवून छायाचित्र काढलं असतं तर तो उपचार झाला असता. साडेआठ हजार जणांशी मिळवल्यावर कलावंताच्या स्वतःच्या हाताला, पायांना, वर्षाला त्या संख्येची किंमत मोजावी लागली. शेतातल्या श्रमावर काम करणाऱ्याने हे घ्यावं. ३० मीटरची ओळ सलग, एकाही कटाशिवाय चित्रित केली तर १० मिनिटं होतात. प्रेक्षक २७ सेकंदांनी निघून जाईल, जाऊ दे. तो दालनातून फिरून परत येईल तेव्हा तीच बाई त्याच ओळीत सात-आठ मीटर पुढे गेलेली असेल. हे त्याला कळलं की काम झालं. त्यासाठी पडद्याच्या कडेला मीटरच्या खुणा असलेली दोरी शेतातच ताणून ठेवायची. नंतर संगणकावर आकडे चढवण्यापेक्षा ती बरी, कारण दोरी त्या बाईलाही दिसत असते.

कॅमेऱ्याची उंची हा असाच लहान वाटणारा, पण निर्णायक तपशील. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून वाकलेल्या माणसाचं चित्रण केलं की पाठ आणि टोपी दिसते, आणि बघणारा आपोआप मुकादमाच्या जागी जातो. जमिनीपासून ४०-५० सेंटिमीटरवर, ओळीच्या पुढच्या टोकाला, तिच्या येण्याच्या दिशेकडे तोंड करून कॅमेरा ठेवला की चेहरा, हात आणि तण एका चौकटीत येतात. अडचण अशी, की तिथे धूळ आणि दव लेन्सवर बसतं आणि सकाळचा कललेला प्रकाश थेट आत येतो. लोक म्हणून संध्याकाळी चित्रण करतात. संध्याकाळचा सोनेरी उजेड मिळतो, पण काम तेव्हा संपलेलं असतं आणि मजुराला पुन्हा वाकून दाखवायला सांगितलं जातं. हे करू नये. ज्या वेळी काम होतं त्या वेळचा उजेड घ्यावा, मग तो करडा असो.

नुसता त्रास दाखवणं हीसुद्धा एक प्रकारची फसवणूक आहे. काचेच्या तुकड्याची ती युक्ती, दुपानी अवस्थेतलं गाजर आणि तसंच दिसणारं तण बोटांनी वेगळं ओळखणं, ढिगात हात घालून ऊब पुरेशी आहे का ते सांगणं, हे कसब आहे. कसब न दाखवता कष्ट दाखवले की प्रेक्षक दया घेऊन घरी जातो, आणि दयेने मजुरी वाढत नाही. कसब कळलं की त्याची किंमत काय, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

दालनात जिवंत पीक आणायचा मोह अनेकांना होतो. त्याची पूर्वपीठिका मोठी आहे. हेलन आणि न्यूटन हॅरिसन या कलावंत दांपत्याने १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात एका विद्यापीठाच्या कलादालनात लिंबूवर्गीय १८ झाडं षटकोनी लाकडी पेट्यांत, प्रत्येकावर स्वतंत्र दिवे टांगून उभी केली होती. पण यात काय काय बिघडतं ते आधी माहीत हवं. गाजरासारख्या पिकाला ३० सेंटिमीटर माती लागते. ओली माती घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास भरते, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५०० किलो. सार्वजनिक दालनाची जमीन साधारण ४०० ते ५०० किलोंसाठी बांधलेली असते, जुन्या घराचं दालन केलं असेल तर त्याच्या निम्म्यासाठी. कागदावरच्या रेखाटनांना ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त प्रकाश चालत नाही, आणि पालेभाजीला १० हजारांच्या पुढे, रोज १४-१६ तास लागतो. म्हणजे शेतमजुरांची जुनी रेखाटनं आणि जिवंत वाफा एका खोलीत ठेवताच येत नाहीत. मध्ये भिंत हवी. जिवंत माती सतत ओली राहिली की तिच्यातून चिलटं निघतात. संग्रहालयाचा कीडनियंत्रण विभाग ती माती बाहेर काढायला लावतो. मग निर्जंतुक केलेलं मिश्रण आणतात, आणि ज्या मातीतल्या जिवांबद्दल प्रदर्शन बोलत असतं ते जीव त्या मिश्रणात नसतात.

या सगळ्यावर तोड निघते. न निघणारा प्रश्न साप्ताहिक सुट्टीचा आहे. दालन बंद असतं त्या दिवशी पाणी कोण घालतं? बहुतेक ठिकाणी उत्तर असतं: सफाईला येणारी व्यक्ती, तोंडी सांगितलेलं, जादा पैशाशिवाय. शेतातला न मोजलेला तास दालनात न मोजलेला तास होऊन येतो. उद्घाटनाला स्थानिक अन्नाची पंगत असेल तर भांडी घासणाऱ्यांचंही तेच. स्वयंसेवक, प्रशिक्षणार्थी, ‘सहभागी समुदाय’ ही नावं आम्हाला अशा वेळी फार खटकतात, कारण पुष्कळदा ती फुकट कामाची नावं असतात.

म्हणून मागणी नेमकी आहे. या विषयावरच्या कामाला सार्वजनिक अनुदान मागणाऱ्या अर्जात, खर्चाच्या पत्रकात, चित्रित होणाऱ्या माणसांच्या वेळेसाठी वेगळा रकाना असावा. मुलाखतीचा तास हा कामाचा तास धरावा आणि निदान त्या माणसाच्या नेहमीच्या मजुरीइतका, नगावर कमावत असेल तर चांगल्या दिवशी जेवढे नग होतात त्या हिशोबाने, मोबदला द्यावा. सरासरीने दिला तर तोडणीच्या भर हंगामात त्याचं नुकसान होतं. संमती दोनदा घ्यावी: चित्रणाआधी, आणि संकलन झाल्यावर तयार काम दाखवून. पहिल्या वेळी माणूस भिडेपोटी हो म्हणतो. दुसऱ्या वेळी तो आपल्याला काय खटकलं ते सांगतो, आणि बहुधा त्याचं बरोबर असतं. विक्री झाली तर वाटा किती, हे आधी कागदावर यावं. काँगोमधल्या लुसांगा इथल्या मळेकामगार कलावंतांच्या गटाने हे फार पुढे नेलं आहे. त्यांच्या शिल्पांच्या चॉकलेटमधल्या प्रती जगभर विकल्या गेल्या आणि त्या पैशातून, पूर्वी पाम तेलाच्या कंपनीच्या मळ्याखाली गेलेली जमीन ते परत विकत घेत आले आहेत, तिथे मिश्र झाडं आणि स्वतःसाठी अन्न लावत आहेत. २०२४ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात नेदरलँड्सचं दालन त्यांच्याकडे होतं.

लहान शेतकऱ्यांकडून एक भीती व्यक्त होते: खरे तास दाखवले तर भाजीची खरी किंमत कळेल आणि गिऱ्हाईक पळेल. ही भीती खोटी नाही. लहान शेताचा ताळेबंद अनेकदा स्वतःच्या आणि घरच्यांच्या बिनपगारी तासांवरच उभा असतो. पण ते तास लपवून टिकलेली शेती पुढच्या पिढीला नकोशी होते, कारण घरात ते तास कोणापासूनच लपलेले नसतात. लपतात ते गिऱ्हाइकापासून.

एक अडचण मात्र आम्हालाही पूर्ण सुटलेली नाही. काही मजुरांना दिसायचंच नसतं. कागदपत्रं नसतात, मुकादमाची भीती असते, किंवा गावाकडे कळू नये असं वाटतं. त्यांच्यावर नाव आणि चेहरा लादणं हा अन्याय आहे, आणि पाठमोरं, सावलीत चित्रण करणं म्हणजे पुन्हा तोच मनगटाशी कापलेला हात. वॉशिंग्टनच्या अमेरिकी इतिहास संग्रहालयात आखूड दांड्याची एक ‘कोर्तितो’ जपून ठेवलेली आहे. तिच्यासमोर कोणाचाही चेहरा नसताना माणूस नकळत वाकतो, कारण तो दांडा धरायला किती खाली जावं लागेल हे शरीरालाच कळतं. अशा माणसांसाठी हा रस्ता असू शकेल: रिकामी ओळ, बाजूला ठेवलेलं अवजार, ताणलेली दोरी, किती तास आणि कशाच्या बदल्यात ते लिहिलेली पट्टी. नावाच्या जागी कोरी ओळ, आणि ती कोरी का आहे ते त्या माणसाच्याच शब्दांत.